पाळणाघरातील तान्ह्यांच्या बुद्धीची मशागत



गळीत हंगाम सुरू झाला की आपल्या फडात तोडीची टोळी उतरते. बीड-जालन्याकडून नवरा-बायकोची जोडी येते, तिलाच आपण एक कोयता म्हणतो. त्या कोयत्याबरोबर तान्हं मूलही येतं. आई पहाटेच तोडीला लागते आणि मूल बांधावर झोळीत, नाहीतर सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. तळावर पाळणाघर असेल तर दोन्ही लेकरांची सोय होते. धाकटं साप-किरडापासून नि गाडीच्या चाकापासून वाचतं आणि थोरली शाळेत जाऊ शकते.

परंतु मुलाला दूध पाजलं आणि निजवलं, एवढ्यावर पाळणाघराचं काम संपतं का? त्याचाच विचार या पाठात करू.

मेंदूची वाढ

मूल दोन वर्षांचे होईपर्यंत त्याच्या मेंदूचे आकारमान मोठ्या माणसाच्या मेंदूच्या सुमारे ८० टक्के झालेले असते. उसाच्या नांग्या पहिल्या महिना-दीड महिन्यात भराव्या लागतात, मोठ्या बांधणीनंतर लावलेलं रोप मागेच राहतं. मुलाचं अगदी तसं नाही, ते पुढंही शिकतं. पण या वयात जे सहज होतं, त्याला नंतर दुप्पट कष्ट पडतात.

जमैका हा आपल्यासारखाच ऊस पिकवणारा देश. तेथील किंग्स्टन शहराच्या गरीब वस्त्यांत १९८६-८७ साली, वाढ खुंटलेल्या १२९ लहान मुलांवर एक प्रयोग सुरू झाला. काही मुलांच्या घरी आरोग्यसेविका दोन वर्षे दर आठवड्याला तासभर जाई आणि मुलाशी कसं खेळावं, कसं बोलावं हे आईला दाखवी. खेळणी टाकाऊ वस्तूंची, घरीच केलेली. ही मुलं २२ वर्षांची झाल्यावर पाहिले, तेव्हा ज्यांना असा खेळ मिळाला नव्हता त्यांच्यापेक्षा यांची कमाई सुमारे २५ टक्क्यांनी जास्त निघाली. नुसता पूरक आहार मिळालेल्या मुलांत असा फरक उरला नव्हता. म्हणजे पोटाला हवंच, पण बुद्धीलाही खाऊ हवा.

जमैकात हे आईने घरी केले. तळावर दिवसभर आई फडात असते, म्हणून हे काम पाळणाघरातल्या ताईंना करावं लागतं.

ताईंनी काय करावे

१) प्रत्येक मुलाची ताई ठरलेली असावी. रोज नवा चेहरा दिसला की तान्हं बिचकतं, आणि बिचकलेलं मूल खेळत नाही. तीन वर्षांखालील १० मुलांमागे एक सांभाळणारी असावी, असे केंद्र सरकारच्या २०१३ च्या बालशिक्षण धोरणात म्हटले आहे.

२) हुंकाराला हुंकार द्यावा. मूल 'बा-बा' म्हणालं की ताईंनीही त्याच्याकडे पाहून 'बा-बा' म्हणावं आणि त्याच्या उत्तरासाठी थांबावं. अंघोळ घालताना, भरवताना सारखं बोलावं. "हा बघ हात, आता दुसरा हात." टोळी बंजारा असेल तर चार शब्द त्यांच्या बोलीतले शिकून घ्यावेत. टोळीतलीच एखादी बाई मदतीला घेतली तर फारच उत्तम.

३) हाताला वस्तू द्यावी. वाटी-चमचा, झाकणाचा डबा, चिंध्यांचा चेंडू पुरे. वाटीखाली चेंडू लपवावा आणि मुलाला शोधू द्यावं. दिसत नाही ती वस्तूही असते, हे मूल त्यातून शिकतं. मण्याएवढी, तोंडात घालून अडकेल अशी वस्तू मात्र जवळ ठेवू नये.

४) दिवसभर झोळीत ठेवू नये. स्वच्छ सतरंजीवर पालथं पडू द्यावं, रांगू द्यावं. मूल गप्प पडून आहे म्हणजे सारं ठीक आहे, असं समजू नये. कधीकधी हाकेला कोणी येत नाही म्हणूनच ते गप्प झालेलं असतं.

सभासदांचे काम

ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले. मुलं शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' ती हीच. त्याच न्यायाने पाळणाघरानेही फडाची वेळ पाळली पाहिजे. तोड पहाटे सुरू होते, मग दहाला उघडणारं पाळणाघर त्या आईच्या काय कामाचं?

आपल्या फडात तोड चालू असताना बांधावर मूल दिसलं तर मुकादमाला विचारा, याला पाळणाघरात का नेलं नाही? जवळ पाळणाघर नसेल तर आपल्या गटाच्या संचालकांपुढे मागणी ठेवा. तळावर गेलात तर घटकाभर पाळणाघरात डोकवा. ताई मुलांशी बोलतात का, आणि मुलं ताईंना ओळखतात का, एवढं पाहिलं तरी सारं कळतं.

आपला ऊस वेळेवर तुटावा म्हणून ही माणसं घरदार सोडून येतात. त्यांच्या लेकरांचे हे चार-पाच महिने वाया जाऊ नयेत, एवढं आपण पाहू या.