विहिरीवरील विजेची मोटार आणि ओलीचा धोका

विहिरीवरील पंपघर आकाराने लहान असले, तरी विजेच्या दृष्टीने ते कारखान्यातील ओल्या विभागाइतकेच धोक्याचे स्थान होय. शेतकरी पाटाच्या पाण्यातून अनवाणी येतो आणि ओल्या हाताने स्टार्टरची कळ दाबतो. तीन फेजच्या जोडणीत दोन फेजमध्ये ४१५ व्होल्ट, तर फेज व जमीन यांमध्ये सुमारे २४० व्होल्ट दाब असतो.

भूसंपर्क, म्हणजे ज्यास गावोगाव अर्थिंग म्हणतात, तो केला की काळजी मिटली, असा सार्वत्रिक समज आहे. तो अपुरा आहे. एक हिशेब करून पाहावा. पंपाच्या भूसंपर्काचा रोध उन्हाळ्यात, मुरमाड जमिनीत, २० ओहम आहे व रोहित्राचा ५ ओहम आहे असे धरू. स्टार्टरच्या लोखंडी पेटीत आत येणारी तार सोलवटून पेटीस टेकली, तर २४० भागिले २५, म्हणजे ९.६ अँपियर प्रवाह जमिनीत जाईल. पाच अश्वशक्तीच्या मोटारीसाठी बसविलेला २० अँपियरचा फ्यूज एवढ्याने वितळत नाही. परिणामी पेटी, आणि त्याच तारेने जोडलेली मोटारही, १९२ व्होल्टवर तशीच राहते. ओल्या माणसाच्या शरीराचा रोध १,००० ओहम धरल्यास स्पर्श होताच सुमारे १९० मिलिअँपियर प्रवाह वाहील. हृदय बंद पाडण्यास याहून पुष्कळ कमी प्रवाह पुरतो.

पूर्वी लोखंडी पाइप विहिरीच्या पाण्यात उतरलेला असे व त्यामुळे आपोआप काही भूसंपर्क मिळे. आता प्लॅस्टिकचे पाइप आल्यापासून तोही आधार गेला आहे.

यावर उपाय म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, ज्यास बाजारात आर.सी.सी.बी. म्हणतात. सर्व तारांतून जाणारा व परतणारा प्रवाह यांचा मेळ तो सतत पाहतो. ३० मिलिअँपियरचा फरक पडताच, ०.३ सेकंदाच्या आत तो जोडणी तोडतो. भूसंपर्काचा रोध २०० ओहम झाला, तरी तेवढ्या गळतीने पेटीवर केवळ ६ व्होल्ट चढतात. मात्र भूसंपर्कच नसेल, तर माणसाचा हात लागेपर्यंत गळतीस वाट मिळत नाही; म्हणून दोन्ही हवेत. स्विचवरील चाचणीची कळ महिन्यातून एकदा दाबावी. पंपाच्या जोडणीत न्यूट्रल तार नसल्यास ही कळ चालावी म्हणून उत्पादकाच्या आकृतीप्रमाणेच तारा जोडून घ्याव्या.

हा स्विच पुष्कळ ठिकाणी बसविल्यावर काढून टाकला जातो. कारण असे की, रात्री एक फेज व अर्थिंगची तार यांवर दिवा लावण्याची चाल आहे, आणि मग स्विच पडतो. तो पडतो ते योग्यच करतो. अशा दिव्याची अर्थिंगची तार खड्ड्याजवळ तुटली, तर दिव्यातून फेजचा दाब मोटारीच्या सांगाड्यावर येतो. दिवा विझतो, शेतकरी तो पाहावयास अंधारात येतो आणि सांगाड्यास हात लावतो. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही एक चाल बंद करविली, तरी मोठे काम होईल.

भूसंपर्कासाठी २.५ मीटर लांबीचा जस्तलेपित पाइप उभा पुरून भोवती कोळसा व मीठ घालावे आणि उन्हाळ्यात तेथे पाणी ओतावे. मोटारीच्या सांगाड्यास दोन स्वतंत्र तारांनी भूसंपर्क असावा, असा दंडक १९५६ च्या भारतीय वीज नियमांतही होता. एक तार गंजून तुटल्याचे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही, हे त्यामागील कारण.

केबल पेटीत खालच्या बाजूने, ग्लँडमधून घ्यावी व शिरण्यापूर्वी तिला खाली झोल द्यावा, म्हणजे पाणी केबलवरून आत न जाता झोलातून ठिबकते. पाणबुडी पंप केबलला धरून कधीही उतरवू नये; दोर वापरावा. पाण्याखालील सांधा साध्या चिकटपट्टीने टिकत नाही. त्यास रबरी टेप व त्यावर पी.व्ही.सी. टेप घट्ट गुंडाळावी लागते.

पावसाळाभर बंद राहिलेली मोटार ओल धरते. ती सुरू करण्यापूर्वी परवानाधारक तारतंत्र्याकडून ५०० व्होल्टच्या मेगरने तपासावी. वेटोळी व सांगाडा यांमधील रोध १ मेगओहमपेक्षा कमी आढळल्यास मोटार उघडून सुकवावी व पुन्हा मोजावी. तोपर्यंत मुख्य स्विचचे फ्यूज काढून घरी ठेवावेत.