सैन्य की कॉलेज? चार वर्षांचा हिशेब

पहाटे पाच वाजता वाटूर फाट्यावर उभे राहिलात, तर मंठ्याच्या रस्त्याने पोरं धावताना दिसतील. घड्याळ एकाच्याच हातात, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच आकडा : १६०० मीटर, साडेपाच मिनिटं!

माझा धाकटा भाऊ त्यातलाच. बारावी झाली तसा त्याचा फोन आला, "दादा, भरतीचं मैदान अन् कॉलेजचा राऊंड एकाच आठवड्यात आलाय. काय करू?" बाबांचं म्हणणं वेगळंच, "चार वर्षांनी माघारी आला तर?" मग रात्री मी वही घेऊन हिशेब मांडला. मित्रांनो, तोच इथे देतोय.

पहिला रस्ता, अग्निवीर. २०२२ साली सुरू झालेल्या या योजनेत नोकरी चार वर्षांची. पहिल्या वर्षी पगार महिना ३०,००० रुपये, चौथ्या वर्षी ४०,०००. त्यातले ३० टक्के सेवा निधीत कापले जातात आणि सरकार तेवढीच भर घालते. चार वर्षांनी व्याजासह सुमारे ११.७१ लाख मिळतात. पुढे कायम होतात ते २५ टक्क्यांपर्यंत. बाकीचे बावीस-तेविसाव्या वर्षी घरी येतात. पेन्शन नाही.

दुसरा रस्ता, इंजिनिअरिंग. हीसुद्धा चारच वर्षं! पगार नाही, उलट फी. पण पदवी हातात आल्यावर सैन्याचा दरवाजा बंद होत नाही, तो अधिकारी म्हणून उघडतो. टेक्निकल ग्रॅज्युएट कोर्स आणि शॉर्ट सर्व्हिस (टेक्निकल), दोन्हींसाठी वय २० ते २७. शेवटच्या वर्षाला असतानाच अर्ज करता येतो. शॉर्ट सर्व्हिसला मुलींनाही संधी आहे. लेखी परीक्षा नाही. गुणांवरून छाननी होते, मग पाच दिवसांची एसएसबी मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी.

एनडीए मात्र साडेएकोणीस वर्षांपर्यंतच. म्हणून तो दरवाजा आधी ठोठवावा.

मग काय निवडावं? घरात आज पैसा लागणारच असेल, किंवा वर्गात मन रमतच नसेल, तर भरती चुकीची नाही. पण नुसत्या गणिताच्या भीतीने मैदानावर जाऊ नये, आणि नुसत्या धावण्याच्या कंटाळ्याने कॉलेजातही येऊ नये.

हे सगळं सांगून झाल्यावर भाऊ म्हणाला, "मग दादा, तू का नाही भरला फॉर्म?"

मी गप्प. मीही फाट्यावर धावायचो. होस्टेलला आलो आणि बूट कॉटखाली गेले ते गेलेच. तिसऱ्या वर्षाला आहे, दोन विषय राहिलेत. छाननी गुणांवर होते आणि ठरलेल्या तारखेपर्यंत सगळे विषय सुटलेले लागतात. म्हणजे दरवाजा सैन्याने नाही, मीच लावून घेतला होता!

भावाने शेवटी प्रवेश घेतला. "पळणं सोडणार नाही," असं बाबांना कबूलही केलं.

आणि मी? बूट बाहेर काढलेत. सकाळी साडेपाचला होस्टेलच्या गेटवर असतो. संध्याकाळी मात्र रीडिंग रूममध्ये. दोन विषय बाकी आहेत ना! कोणाला यायचं असेल तर या.