दुभाजकावर कोणते झाड लावावे?



काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात आपल्या मुलांनी शाळेसमोरच्या दुभाजकावर गुलमोहराची रोपे लावली. फोटो निघाले, टाळ्या झाल्या. पुढच्या मे महिन्यापर्यंत बहुतेक रोपे वाळून गेली आणि मुले हिरमुसली. चूक मुलांची नव्हती, निवड माझी होती. म्हणून हा पाठ आधी मीच शिकलो.

दुभाजक म्हणजे बाग नव्हे. इंदुरात मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. दोन्ही बाजूंचे डांबर तापते, पानांवर धूर व धूळ बसते आणि कठड्यांमधल्या अरुंद जागेत बहुधा मातीपेक्षा मलबाच जास्त असतो. गुलमोहराची मुळे वरच्यावर दूर पसरतात, फांद्या वादळात मोडतात. मोकळ्या मैदानात तो शोभतो, इथे नाही.

मग काय लावावे?

१. कण्हेर : हिंदीत कनेर. पान जाड व चिवट. त्याची रंध्रे खालच्या बाजूला केसाळ खळग्यांत लपलेली असतात, म्हणून पाणी कमी उडते. झाडाचे सर्व भाग विषारी असल्याने गुरे सहसा तोंड लावत नाहीत. मुलांनीही पान-फूल तोंडात घालू नये.

२. बोगनवेल : मूळची दक्षिण अमेरिकेची. रंगीत दिसतात त्या पाकळ्या नव्हेत, ती पानेच. खरे फूल आत, लहानसे असते. पाणी जास्त झाले तर पाला वाढतो, बहर कमी होतो. मात्र वेळेवर छाटणी हवी, नाहीतर काटेरी फांद्या दुचाकीस्वारांना लागतात.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. चार-पाच फुटांचे झुडूप रात्री समोरच्या गाडीच्या दिव्यांचा झोत अडवते, हे चांगलेच. पण पहिलीतले मूल बहुधा चार फुटांहूनही कमी उंचीचे असते. रस्ता ओलांडताना ते अशा झुडपाआड उभे राहिले, तर चालकाला दिसणारच नाही. म्हणून जिथून लोक रस्ता ओलांडतात, तिथे दोन्ही टोकांना झुडपे गुडघ्याच्या खालीच ठेवावीत.

विश्वस्त मंडळींना विनंती : पुढच्या वेळी महापालिकेची परवानगी घेऊन लागवड करू, पण रोपांच्या आधी पहिल्या दोन उन्हाळ्यांच्या पाण्याची तरतूद व्हावी. काटक झाडालाही मूळ धरेपर्यंत पाणी लागतेच.

गृहपाठ : घरून शाळेत येताना दुभाजकावरील झाडांची नावे लिहा. कुठे झाडामुळे समोरून येणारी गाडी दिसत नाही, तेही पालकांसोबत पाहून नोंदवा. ती यादी आपण महापालिकेला देऊ.