‘तुझ्यापाशी’ : आई-वडिलांचे वार्धक्य आणि आपले उत्तरदायित्व

सूरह बनी इस्राईलच्या 23 व 24 व्या आयतींत अल्लाहने आपल्या उपासनेच्या आदेशापाठोपाठ आई-वडिलांशी सद्वर्तन करण्याचा आदेश दिला आहे. त्यांपैकी एक किंवा दोघेही वार्धक्याला पोहोचले, तर त्यांना ‘उफ्’सुद्धा म्हणू नये, झिडकारू नये, नम्रतेने वागावे व त्यांच्यासाठी दयेची प्रार्थना करावी, असा त्यांचा आशय आहे. वाचकहो, याच आयतीत एक लहानसा शब्द आहे : ‘इन्दक’, म्हणजे ‘तुझ्यापाशी’. हे संबोधन एकवचनी आहे. प्रत्येक अपत्याला स्वतंत्रपणे सांगितले आहे की, त्यांचे म्हातारपण तुझ्या सान्निध्यात, तुझ्या देखरेखीखाली आहे.

सिंधुदुर्गात या शब्दाचा विचार अधिकच निकडीचा आहे. जिल्ह्याची लोकसंख्या 2001 मध्ये 8,68,825 होती. 2011 मध्ये ती 8,49,651 झाली. तरुण मुंबईला, गोव्याला, आखाती देशांत जातात. मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या गावांत मागे राहतात ती वृद्ध माणसे. दरमहा पैसे येतात. पण रात्री उठताना हात धरायला कोणी नसते.

अशा वेळी प्रश्न पडतो : आईला वृद्धनिवासात ठेवावे काय? घरी सेवा शक्य असताना केवळ अडचण नको म्हणून तिला दूर करणे या आयतीच्या आशयाशी विसंगत आहे. मात्र तिचा आजार घरच्यांच्या आवाक्याबाहेर असेल आणि तिची संमती असेल, तर जाणकारांच्या हातांची मदत घेणे म्हणजे तिला टाकून देणे नव्हे. हात दुसऱ्याचे असू शकतात. उत्तरदायित्व आपलेच राहते. म्हणून निवास निवडताना पुढील गोष्टी स्वतः पाहाव्यात.

1. अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीची कूस साधारण दर दोन तासांनी बदलली जाते काय? अन्यथा पाठीला जखमा होतात.

2. स्त्रियांना आंघोळ घालायला स्त्रीच असते काय? परावलंबी माणसाचीही लज्जा राखणे हा त्याचा हक्क आहे.

3. वुजू किंवा तयम्मुमला मदत मिळते काय? या किनाऱ्यावर किब्ला पश्चिमेला, समुद्राच्या बाजूला आहे. खाट त्या बेताने लावता येते. उभे राहता येत नसेल तर बसून, तेही शक्य नसेल तर पडल्या पडल्या इशाऱ्याने नमाज अदा होते.

4. जेवण हलाल व सवयीचे आहे काय? उकड्या तांदळाची पेज सावकाश, बसवून भरवली जाते काय?

खर्चाबाबतही स्पष्टता हवी. स्वतःच्या आई-वडिलांना जकात देता येत नाही, कारण ते गरजू असतील तर त्यांचा निर्वाह हे अपत्याचेच कर्तव्य आहे. देशाचा 2007 चा कायदाही मुलांवर ही जबाबदारी टाकतो आणि ज्येष्ठांना वाऱ्यावर सोडणे हा गुन्हा मानतो.

ज्यांना कोणीच नाही, त्यांचे काय? इमाम अबू यूसुफ यांच्या ‘किताबुल खराज’मध्ये नोंद आहे की, हजरत उमर (रजि.) यांनी भीक मागणाऱ्या एका वृद्ध ज्यू माणसाला आधी आपल्या घरी नेऊन काही दिले व नंतर बैतुलमालमधून त्याची सोय लावली. निराधाराचा धर्म पाहिला गेला नाही. आपल्याच जिल्ह्यात, कुडाळ तालुक्यातील पणदूरच्या संविता आश्रमात निराधार व आजारी माणसांची सेवा होते. अशा कार्याला ऐच्छिक सदक्याने आणि प्रत्यक्ष श्रमाने हातभार लावणे हे आपलेही काम आहे.

जे बंधू-भगिनी दूर आहेत, त्यांनी रोज आवाज ऐकवावा, रजेचे दिवस आधी आई-वडिलांना द्यावेत, औषधांची माहिती स्वतः ठेवावी. जिहादची परवानगी मागायला आलेल्या एका माणसाला आदरणीय प्रेषित (सल्ल.) यांनी आई-वडील हयात आहेत काय, असे विचारले आणि त्यांच्याच सेवेत झटण्यास सांगितले (बुखारी, मुस्लिम). दूर अंतराने हा आदेश रद्द होत नाही.

अल्लाह आपल्या आई-वडिलांवर दया करो आणि त्यांचे वार्धक्य आपल्यापाशी सुखाचे करो. आमीन.