चंदनाचा लेप : जाड की पातळ?

दाहाच्या रुग्णास चंदनलेप सांगताना आपण द्रव्य सांगतो, वेळ सांगतो. थराची जाडी मात्र बहुधा त्याच्यावरच सोपवतो. आम्हीही अनेक वर्षे तेच केले. एका रुग्णाने चांगला बोटभर थर दिला आणि आग वाढल्याची तक्रार घेऊन तो परतला, तेव्हा आम्हांस चरकसंहिता पुन्हा उघडावी लागली.

चिकित्सास्थानाच्या तिसाव्या अध्यायात उत्तर स्पष्ट आहे. बारीक वाटलेल्या चंदनाचाही घन लेप दाह करतो, कारण त्वचेतील ऊष्मा कोंडतो; उलट अगुरूसारख्या उष्ण द्रव्याचा पातळ लेप शैत्य देतो. म्हणजे येथे वीर्याइतकेच महत्त्व थराला आहे.

कारण बाष्पीभवनात आहे. त्वचेच्या तापमानाला एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. थर पातळ असेल तर ती त्वचेतून घेतली जाते. जाड थरात वाफ बाहेरच्या पृष्ठावरून जाते, आणि वाळलेले कवच घामाचीही वाट अडवते. लेप वाळल्यावर अंगावर ठेवू नये, हे सुश्रुताचार्यांनीही सांगितले आहेच.

वाचकांनी एक प्रयोग अवश्य करावा. एकाच फडताळातील पाणी, सर्जिकल स्पिरिट व तिळतेल यांचे थेंब हाताच्या पाठीवर ठेवून फुंकर घालावी. तिन्हींचे तापमान सारखेच, तरी स्पिरिट सर्वांत गार लागते व तेल जवळजवळ लागतच नाही. वास्तविक ग्रॅममागे स्पिरिट पाण्याच्या निम्म्याहून कमी उष्णता घेते. पण ते फार लवकर उडते. शैत्याची जाणीव या वेगावर अवलंबून असते. म्हणूनच आषाढात कोकणातील दमट हवेत लेप कमी गार वाटतो, तर वैशाखात विदर्भात तो पुनःपुन्हा बदलावा लागतो. (तापलेल्या बालकास मात्र स्पिरिटने पुसू नये, ते त्वचेतून व श्वासातून शरीरात जाते.)

पुदिन्याच्या सत्त्वाची गोष्ट निराळी. त्वचेतील शीतसंवेदी चेतातंतूंवरील ज्या ग्राहकाला ते चेतवते, त्याची ओळख २००२ मध्ये पटली. तेथे तापमान न उतरताही गारवा भासतो. तेव्हा रुग्ण ‘गार वाटले’ म्हणाला तरी तापमापक लावावाच.

औषधालयचालकांनी लेपचूर्णाच्या वेष्टनावर ‘पातळ लावावा, वाळण्यापूर्वी काढून नवा द्यावा’ एवढी ओळ छापावी, अशी आमची विनंती आहे.