टीव्ही मोठा, अक्षर लहान

घरून काम करणारे वाचक सध्या एक प्रश्न हटकून विचारतात. लॅपटॉपचा स्क्रीन पुरत नाही म्हणून हॉलमधला टीव्ही वायफायवरून दुसरा स्क्रीन म्हणून जोडला, तर डोळ्यांना ते चांगलं की वाईट? जोडायला आता वायरही लागत नाही. विंडोजच्या लॅपटॉपवर विंडोजचं बटण आणि ‘के’ एकदम दाबलं की ही सोय असलेला टीव्ही यादीत दिसतो, ‘एक्स्टेंड’ निवडलं की काम सुरू. ॲपलवाल्यांकडे एअरप्ले आहे. डोळ्यांचा डॉक्टर म्हणून माझं उत्तर ‘चांगलं’ असंच आहे. फक्त बहुतेक घरांत टीव्ही जिथे टांगलेला असतो आणि माणूस जिथे बसतो, ते पाहता त्रास मानेला होतो आणि बोल लागतो डोळ्यांना.

आधी चांगली बाजू. ६० सेंटीमीटरवरचा लॅपटॉप वाचताना डोळ्यातल्या भिंगाला जेवढा जोर लावावा लागतो, त्याच्या साधारण पाव जोरात अडीच मीटरवरचा टीव्ही दिसतो. म्हणजे नजर टीव्हीकडे गेली की डोळ्यांचे स्नायू सैलावतात. दिवसभर एकाच अंतरावर डोळे खिळवून बसण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

आता गोम. टीव्ही मोठा आहे, पण तो लांब आहे. अडीच मीटरवरचा ४३ इंची टीव्ही डोळ्याला ६० सेंटीमीटरवर धरलेल्या जेमतेम दहा इंची टॅबएवढाच दिसतो. चौदा इंची लॅपटॉप त्यापेक्षा मोठा! सिनेमा बघताना हे जाणवत नाही, पण एक्सेलची शीट उघडली की लगेच जाणवतं. मग माणूस काय करतो? सोफ्याच्या कडेला सरकतो, मान पुढे काढतो, डोळे बारीक करतो. संध्याकाळी कपाळ ठणकतं आणि ‘टीव्हीने डोळे गेले’ म्हणत तो दवाखान्यात येतो.

यावर एक सोपा हिशेब सांगतो. बसण्याच्या जागेपासून टीव्हीपर्यंतचं अंतर टेपने मोजा आणि त्याला २०० ने भागा. अंतर अडीच मीटर असेल, तर उत्तर सव्वा सेंटीमीटर. टीव्हीवरचं अक्षर किमान तेवढं उंच हवं. फूटपट्टी सरळ टीव्हीला लावून मोजा, कुणी हसलं तर हसू दे. अक्षर लहान भरलं, तर डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये टीव्हीपुरतं ‘स्केल’ वाढवा, लॅपटॉपचं तसंच राहू द्या. मराठीत काम करणाऱ्यांनी अक्षर आणखी थोडं मोठं ठेवावं. अनुस्वार, रफार, ऱ्हस्व-दीर्घ हे सगळं शिरोरेषेच्या वर किंवा अक्षराच्या पायाशी असतं आणि लांबून तेच आधी पुसट होतं. एवढं केल्यावर त्या ४३ इंचांत वीस-पंचवीस ओळींपेक्षा जास्त मावणार नाहीत. टीव्हीची ताकद तेवढीच आहे, हे मान्य करावं.

म्हणून टीव्हीवर फक्त बघण्याचं काम ठेवा: मीटिंगमधले चेहरे, समोरच्याचं प्रेझेंटेशन, ज्यात पाहून लिहायचं ती शीट. टायपिंग आणि माउसचं काम लॅपटॉपवर. वायफायवरून चित्र पोचायला क्षणभर उशीर लागतो, बाण हातामागून रखडत येतो. तो पकडण्याच्या नादात माउस आवळला जातो, खांदा वर चढतो. शिवाय पाठवताना चित्र दाबून लहान केलेलं असतं, त्यामुळे रंगीत अक्षरांच्या कडा फिसकटतात आणि डोळा उगाच ते नीट दिसावं म्हणून धडपडतो. काम रोजचं असेल, तर एचडीएमआयची वायर टाकून मोकळे व्हा.

मानेचं मात्र जरा सविस्तर सांगायला हवं. आपल्याकडे टीव्ही शोकेसच्या वर, मुलांचा हात पोचणार नाही अशा उंचीवर लावतात. खाली खोल सोफा, मांडीवर लॅपटॉप. मान लॅपटॉपसाठी खाली, टीव्हीसाठी वर, दिवसभर. वर पाहताना पापण्या जास्त उघड्या राहतात. स्क्रीनकडे बघताना पापण्यांची उघडझाप तशीही कमी होते, त्यात डोक्यावर पंखा. अश्रूंचा थर वाळतो आणि डोळ्यांत वाळू गेल्यासारखं चुरचुरतं. उपाय सोफा सोडण्यात आहे. डायनिंगची खुर्ची घ्या, टेबल टीव्हीच्या अगदी समोर आणा, लॅपटॉप चार जाड पुस्तकांवर ठेवा, की-बोर्ड वेगळा जोडा. लॅपटॉपच्या वरच्या कडेवरून टीव्ही दिसला पाहिजे. तो उजवीकडे किंवा डावीकडे असेल, तर आठवडाभरात मान एका बाजूला आखडणार, हे लिहून ठेवा.

चाळिशी लागलेल्यांची गोष्ट वेगळी. माझ्याकडे येणाऱ्या एक बाई घरून जीएसटीची कामं करतात, दर महिन्याची वीस तारीख जवळ आली की रात्री उशिरापर्यंत. जागा नाही म्हणून टीव्ही टेबलापासून हातभर अंतरावरच्या टेबलावर उभा केलेला. चष्मा प्रोग्रेसिव्ह. अशा चष्म्यात लांबचा नंबर वर, वाचायचा खाली आणि मधल्या अंतराचा पट्टा मध्ये, तोही अरुंद. एवढ्या जवळचा टीव्ही त्या पट्ट्यातून बघायचा म्हणजे हनुवटी उचलूनच बघावं लागणार. टीव्ही दोन मीटर मागे नेल्यावर तो चष्म्याच्या वरच्या भागातून सरळ दिसू लागला, नंबर बदलावा लागला नाही. फक्त कॉम्प्युटरसाठी बनवलेला चष्मा असेल, तर त्यातून लांबचा टीव्ही धूसरच दिसणार, तो दोष टीव्हीचा नाही. तरुणांत उलटं घडतं. उणे दीडचा नंबर असलेल्याला लॅपटॉप बिनचष्म्याचा दिसतो आणि टीव्हीवरची अक्षरं वाचता येत नाहीत, तेव्हा कुठे नंबर असल्याचं कळतं.

रंग-उजेडाबद्दल थोडक्यात. टीव्हीचा ‘व्हिविड’ मोड दुकानात गिऱ्हाईकाचं लक्ष वेधायला असतो, पांढऱ्या शीटसाठी तो बंद करा. अंधारात काम नको, टीव्हीच्या समोरच्या खिडकीला पडदा हवा. वायफायच्या लहरींनी डोळे बिघडतात का, असंही विचारतात. त्या लहरी पेशींतली रचना मोडण्याइतक्या ताकदीच्या नसतात, त्या भीतीने झोप घालवू नका.

मात्र डोळ्यांसमोर अचानक विजा चमकल्या, काळे ठिपके वाढले, पडदा सरकल्यासारखं वाटलं किंवा एकाचे दोन दिसू लागले, तर टीव्ही-लॅपटॉपला दोष देत बसू नका. त्याच दिवशी डोळे दाखवा. आणि पुढच्या वेळी नंबर तपासायला जाल तेव्हा डोळ्यांपासून लॅपटॉप किती आणि टीव्ही किती, ही दोन अंतरं कागदावर लिहून न्या. भिंतीवरचा तक्ता वाचून आम्हाला ती कळत नाहीत.