‘जतन झाले’ आणि पाच सेकंद

डिसेंबरात मानवतच्या बाजूला दिवस मावळला तरी जिनिंगसमोरची कापसाच्या गाड्यांची रांग हटत नाही. भरलेली गाडी काट्यावर चढते, कापूस खाली होतो, रिकामी गाडी पुन्हा काट्यावर येते आणि दोन वजनांतल्या फरकावर शेतकऱ्याचा वर्षाचा हिशेब ठरतो. तो फरक संगणकात शिरला की स्क्रीनवर ओळ उमटते : ‘जतन झाले’. अशाच एका जिनिंगचा सर्व्हर सांभाळणाऱ्या परभणीच्या तंत्रज्ञाचा त्या ओळीवर पूर्ण भरवसा होता.

एका संध्याकाळी लाईट गेली. यूपीएसची बॅटरी उतरत आली तसा यूपीएसने सर्व्हरला बंद होण्याचा आदेश दिला. सर्व्हर बंदही झाला, काही तक्रार न करता. सकाळी मुनीमजींनी आदल्या दिवसाची यादी काढली, तर शेवटच्या काही गाड्या तिच्यात नव्हत्याच. पैशासाठी रात्रभर ट्रॅक्टरवरच थांबलेल्या एका शेतकऱ्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला. “सेठ, वजन तर झालंय. ही बघा पावती.”

त्या कागदांवरूनच सगळ्या नोंदी पुन्हा भरल्या गेल्या. “पावत्या छापल्या नसत्या, तर त्या माणसाला मी काय तोंड दाखवलं असतं?” तंत्रज्ञ अजूनही हे सांगताना थांबतो. “मला आधी वाटलं व्हायरस आहे. मग वाटलं डिस्क गेली. इव्हेंट लॉग वाचायला दुपार उजाडली, आणि दोष मीच बसवलेल्या गोष्टीत सापडला.”

हंगामाच्या तोंडावर सर्व्हर संथ झाला होता, म्हणून त्याने डिस्कसाठी रॅममध्ये चालणारी कॅशे सेवा बसवली होती. अशी सेवा नोंद आधी रॅममध्ये घेते, ‘लिहिलं’ असं लगेच कळवते आणि डिस्कवर सवडीने उतरवते. जाणकार याला ‘राइट-बॅक’ म्हणतात. डेटाबेस बिचारा खात्री करायला विचारतो, खरंच डिस्कवर गेलं का? ही सेवा तिथेही होकार देते. वेग वाढतो तो याच उधारीवर.

उधारी फेडायला मात्र वेळ लागतो. समजा रॅममध्ये 4 जीबी नोंदी साचल्या आहेत आणि हार्ड डिस्क सेकंदाला 100 एमबी लिहिते. म्हणजे सरळ 40 सेकंद. नोंदी बारीक आणि डिस्कभर विखुरलेल्या असतील, तर त्याच्या कितीतरी पट. आणि अलीकडच्या विंडोजमध्ये यंत्रणा बंद होताना सेवांना आवराआवरीसाठी मिळणारी ठरावीक मुदत आहे 5 सेकंदांची. पूर्वी ती 20 सेकंद असे. मुदत संपली की सेवा अर्ध्यात सोडून दिली जाते, मग तिच्या हातात काहीही असो. शिवाय बंद होताना कोणती सेवा कोणावर अवलंबून आहे हे विंडोज पाहत नाही. डेटाबेस शेवटच्या नोंदी पाठवत असतानाच त्या घेणारी सेवा गेलेली असू शकते.

हे दुखणं जुनंच आहे. 1993 साली एमएस-डॉस 6.0 मधली स्मार्टड्राइव्ह ही कॅशे असंच सवडीने लिहायची. काम संपल्यासारखं दिसायचं, लोक बटण दाबून मोकळे व्हायचे आणि फाइल अर्धी राहायची. पुढच्या 6.2 आवृत्तीत कॅशे रिकामी झाल्याशिवाय प्रॉम्प्ट दिसणार नाही, अशी दुरुस्ती करावी लागली. मोठ्यांनाही ते सुटलेलं नाही. ऑगस्ट 2015 मध्ये बेल्जियममधल्या गूगलच्या डेटा सेंटरला वीज पुरवणाऱ्या जाळ्यावर लागोपाठ चार वेळा वीज पडली. काही साठवण यंत्रांच्या बॅटऱ्या उतरलेल्या होत्या, आणि नुकतंच लिहिलेलं थोडं कायमचं गेलं. एकूण साठ्याच्या मानाने ते नगण्य होतं. पण ज्याचं गेलं, त्याला टक्केवारीचा काय उपयोग?

या तंत्रज्ञाने त्यानंतर जे केलं, ते दुकान, दवाखाना, पतसंस्था, जिथे जिथे कोपऱ्यात एक सर्व्हर ठेवलेला असतो तिथे करण्यासारखं आहे. पहिलं म्हणजे काट्याच्या नोंदींसाठी त्याने राइट-बॅक बंदच केलं. तिथे प्रत्येक नोंद डिस्कवर उतरल्यावरच ‘जतन झाले’ दिसतं. काम किंचित सावकाश होतं. गाडी काट्यावरून उतरायला त्याहून जास्त वेळ लागतो. कॅशे फक्त अहवालांच्या डिस्कवर ठेवली, कारण ते पुन्हा काढता येतात.

दुसरं, बंद करण्याचा क्रम त्याने स्वतः लिहिला. आधी काट्याचा प्रोग्राम, मग डेटाबेस, मग साठवण सेवा, आणि ती पूर्ण थांबल्याची खूण मिळाल्यावरच यंत्राला बंद होण्याचा आदेश. नुसती मुदत वाढवून भागत नाही, क्रमही लागतो. विंडोजमध्ये सेवेला आगाऊ सूचना देण्याची वेगळी सोय आहे, पण साठवण सेवा ती पाळते का, हे बनवणाऱ्याला विचारूनच घ्यावं. लिनक्सवाल्यांनीही निर्धास्त राहू नये. तिथली सेवा सांभाळणारी सिस्टमडी साधारण 90 सेकंद थांबते, डॉकरमध्ये मात्र कंटेनर थांबवताना 10 सेकंदच मिळतात. दोन्ही आकडे बदलता येतात.

तिसरी गोष्ट यूपीएसची. पूर्वी बॅटरी अगदी तळाला गेल्यावर आदेश सुटायचा. आता निम्मी उरली की सुटतो. परभणीच्या मे महिन्यात बंद खोलीतली बॅटरी किती लवकर मरते, हे इथल्या कुणालाही सांगायला नको, म्हणून तिची तपासणी दरवर्षी उन्हाळा सरल्यावर होते.

आणि चाचणी. दसऱ्याच्या सुमारास, पहिली गाडी यायच्या आधी, तो खोट्या पावत्या भरत बसतो. मुनीमजी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत यूपीएसला येणारी लाईन बंद करतात. सर्व्हर पुन्हा चालू झाला की दोघं मिळून छापील पावत्या आणि स्क्रीनवरची यादी एकेक ओळ ताडून पाहतात. छापील पावती देणं जिनिंगने आजही थांबवलेलं नाही.